उलटलेले दुखणे : एका रक्तकर्करोगाच्या उपशमाचा इतिहास

१/
२०१० साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगाच्या ज्या रुग्णांत आजाराचा मागमूसही किमान दोन वर्षे सापडला नव्हता, त्यांचे औषध डॉक्टरांनी हेतुपुरस्सर थांबवले होते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पाहणीखाली राहिलेल्या ६९ जणांपैकी ४२ जणांचे दुखणे उलटले. त्यांना तेच जुने औषध पुन्हा सुरू करण्यात आले. अहवाल लिहिला जाईपर्यंत २६ जणांच्या रक्तातून आजाराची खूण पुन्हा नाहीशी झाली होती आणि उरलेल्या १६ जणांत ती उतरणीला लागली होती. म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस जणांचा आजार औषधाला पुन्हा वश झाला.

ज्या आजारात दुखणे उलटणे म्हणजे शेवटाची सुरुवात असे दीडशे वर्षे मानले जात होते, त्याच आजाराची ही हकिगत आहे.

२/
आजाराचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने सीएमएल. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींचे उत्पादन बेसुमार वाढते, त्या रक्तात उतरतात, आणि पोटात डाव्या बाजूची प्लीहा, जिला जुनी माणसे पाणथरी म्हणत, फुगत जाते. ‘क्रॉनिक’ या विशेषणाने फसू नये. उपचाराविना हा आजार काही वर्षे संथ चालतो आणि मग एकाएकी तीव्र रूप घेतो. त्या टप्प्याला वैद्यकात ‘ब्लास्ट क्रायसिस’ म्हणतात. तेथून पुढचा हिशेब पूर्वी महिन्यांतच होत असे.

उपचाराने आजार शमतो तेव्हा त्या अवस्थेला ‘रेमिशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘उपशम’ हा शब्द फार चपखल बसतो. आयुर्वेदाने शमन आणि शोधन हा भेद फार पूर्वी केला होता : दोष दबवणे वेगळे, मुळासकट काढून टाकणे वेगळे. दबलेला दोष पुन्हा डोके वर काढू शकतो, हे त्या भेदातच गृहीत आहे. सीएमएलचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो : दबला म्हणजे किती दबला, आणि ते पाहायचे कशाने?

३/
१८४५. एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या कामगाराचे शवविच्छेदन केले. घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाची कौले बसवणारा हा माणूस. वर्षदीड वर्षापूर्वी त्याच्या पोटात डावीकडे गाठ जाणवू लागली होती. त्याच्या रक्तातील पांढऱ्या कणांचे प्रमाण पाहून बेनेट यांनी निष्कर्ष काढला की रक्तात पू झाला आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये अवघ्या चोविशीतल्या रुडॉल्फ फिर्खोव्ह यांनी पन्नाशीच्या एका स्वयंपाकिणीच्या रक्तात तेच पाहिले. मात्र हा पू नसून रक्ताच्या स्वतःच्याच पेशींचे प्रमाण बिघडले आहे, असे त्यांनी मांडले. त्यांनी त्याला साधे नाव दिले, ‘पांढरे रक्त’. १८४७ मध्ये त्याच अर्थाचा ग्रीक शब्द घडवला, ल्युकेमिया. पहिला शोध कोणाचा यावर पुढे बराच वाद झाला. निरीक्षण बेनेट यांचे आधी छापले गेले, अर्थ फिर्खोव्ह यांचा टिकला, एवढे म्हणून पुढे जाण्यास हरकत नाही.

दोन्ही रुग्ण दगावलेले होते. या आजाराचा पहिला अभ्यास शवांवर झाला. तेव्हा उपशमाची कल्पना उद्भवण्याचेही कारण नव्हते.

४/
उपशमाची पहिली नोंद विषातून आली. सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, एक द्रावण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘फाउलरचे द्रावण’ या नावाने हिवतापापासून त्वचारोगांपर्यंत सर्रास दिले जाई. १८६५ मध्ये लिसाउअर या जर्मन डॉक्टरांनी ते ल्युकेमियाच्या एका रुग्णास दिले आणि त्याची प्रकृती काही काळ लक्षणीय सुधारली. पुढे अनेकांनी हा उपाय केला. १८८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशाच एका रुग्णावरचे छोटे टिपण आले. आर्सेनिकने त्या रुग्णाला आराम पडला होता. टिपणाचा लेखक होता एक तरुण डॉक्टर, आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स जन्माला यायला अजून पाच वर्षे होती.

सोमल चालू असेतो पांढऱ्या पेशी कमी होत, प्लीहा आक्रसे, माणूस कामाला लागे. सोमल थांबवला की दुखणे उलटे. पुन्हा दिला की पुन्हा थोडे दबे. पण विष साठत जाई, हातापायांना मुंग्या येत, कातडी काळवंडे, आणि दर खेपेला मिळणारी उसंत आखूड होई. परतीची वाट अगदीच नव्हती असे म्हणता येणार नाही. ती दर वेळी अरुंद होत जाणारी वाट होती.

५/
विसाव्या शतकाच्या आरंभी सोमलाची जागा क्ष-किरणांनी घेतली. १९०३ मध्ये शिकागोचे शल्यविशारद निकोलस सेन यांनी प्लीहेवर क्ष-किरण सोडून रुग्णास आराम पडल्याचे प्रसिद्ध केले. पुढची पन्नास वर्षे हाच प्रमुख उपचार राहिला. १९२४ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज मायनट यांनी (याच मायनटांना पुढे रक्तक्षयावरील कामासाठी नोबेल मिळाले) सहकाऱ्यांसह शांतपणे हिशेब मांडला : किरणोपचार घेतलेले रुग्ण आणि न घेतलेले रुग्ण यांच्या आयुर्मानात फारसा फरक नाही, दोन्ही सरासरी तीन-साडेतीन वर्षे. फरक होता तो त्या वर्षांच्या जगण्यात. रुग्ण चालता-फिरता राही, रोजगार करी. मरणाची तारीख मात्र सरकत नसे.

हा निबंध दुर्लक्षित राहू नये इतका महत्त्वाचा आहे. उपशम म्हणजे आयुष्याची वाढ, हे समीकरण त्याने प्रथमच आकड्यांनी तपासले आणि ते खोटे ठरवले.

६/
१९५३ मध्ये लंडनच्या डेव्हिड गॅल्टन यांनी बुसल्फानचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता घरी घेता येणारी गोळी आली. पांढऱ्या पेशींची संख्या अगदी सामान्य पातळीवर येई. रक्ताची काचपट्टी पाहून हा माणूस आजारी आहे हे सांगता येऊ नये, इतकी. डॉक्टरांच्या टिपणांत ‘पूर्ण उपशम’ असे शब्द येऊ लागले. तरीही काही वर्षांनी, बहुधा निरोगी भासत असतानाच, ब्लास्ट क्रायसिस येई आणि मग त्याच गोळीचा काही उपयोग होत नसे.

रक्त शुद्ध, आणि तरी माणूस मरतो. मग त्या शुद्ध रक्ताआड काय दडले होते?

७/
१९६०, फिलाडेल्फिया. पीटर नोवेल हे विद्यापीठातले तरुण विकृतिशास्त्रज्ञ ल्युकेमियाच्या पेशी काचेवर वाढवत होते. एकदा त्यांनी त्या पेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी गुंतून बसणारी गुणसूत्रे मोकळी पसरली. नोवेल यांना गुणसूत्रांचे विशेष ज्ञान नव्हते. त्यांनी शहरातच शोधाशोध केली आणि गुणसूत्रांवर प्रबंध लिहीत असलेला डेव्हिड हंगरफर्ड हा विद्यार्थी त्यांना भेटला. हंगरफर्डला सूक्ष्मदर्शकाखाली एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. दुसऱ्या रुग्णातही तेच, तिसऱ्यातही तेच. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणू लागले. एखाद्या कर्करोगाशी ठराविक गुणसूत्रीय बिघाड निगडित असल्याचा हा पहिला पुरावा.

८/
तुकडा हरवला होता, पण गेला कुठे? १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उत्तर दिले. मुले लहान असल्याने त्या बराच काळ अर्धवेळ काम करीत. गुणसूत्रांची छायाचित्रे कातरून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुले चेष्टा करीत. त्या टेबलावर त्यांना दिसले की बाविसाव्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा नवव्याला जोडला गेला आहे. दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. १९८० च्या दशकात या सांध्याचे जनुकीय चित्र स्पष्ट झाले : नवव्यावरील एबीएल जनुक बाविसाव्यावरील बीसीआर जनुकाशेजारी जाऊन बसते, दोघांचे मिळून एक संकरित जनुक होते आणि त्यातून निघणारे विकर पेशीला वाढीची आज्ञा अखंड देत राहते. बटण दाबलेल्या स्थितीतच अडकून पडावे, तसे.

९/
फिलाडेल्फिया गुणसूत्राने निदान सोपे केले हे सर्वज्ञात आहे. त्याने उपशमाच्या व्याख्येचा जो पाया हलवला त्याची चर्चा मात्र कमी होते. बुसल्फानने ‘पूर्ण उपशम’ मिळालेल्या रुग्णांची मज्जा तपासली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पेशीत ते आखूड गुणसूत्र जसेच्या तसे होते. रक्ताची काचपट्टी निर्मळ आणि मज्जा आजाराने व्यापलेली. इतकी वर्षे ज्याला उपशम म्हटले गेले, ते वरवरचे आवरण होते.

म्हणून १९७९ चा सिअॅटलचा अहवाल इतका मोलाचा ठरला. चार रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा देण्यात आली आणि चौघांतूनही फिलाडेल्फिया गुणसूत्र नाहीसे झाले. मज्जा साफ होऊ शकते, हे तेव्हा कळले. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या मोशे ताल्पाझ आणि सहकाऱ्यांनी इंटरफेरॉनच्या सुयांनी थोड्या रुग्णांत हेच साधले. मात्र सततचा ताप, थकवा आणि खिन्नता सोसून. मज्जारोपणाची किंमत त्याहून जबर होती. त्यात आजाराऐवजी उपचारानेच दगावणाऱ्यांची संख्या कमी नव्हती.

१०/
मज्जारोपणानंतरही काहींचे दुखणे उलटत असे, आणि तेव्हा डॉक्टरांपाशी काही उरत नसे. दुसरे रोपण बहुतेकांना सोसत नसे. १९९० मध्ये म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी अशा तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. इंटरफेरॉनच्या जोडीला त्यांनी मूळ मज्जादात्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी रुग्णांना पुन्हा दिल्या. तिघेही उपशमात परतले, आणि तोही वरवरच्या नव्हे, गुणसूत्र नाहीसे होण्याइतक्या खोल उपशमात. दात्याच्या पेशींनी कर्करोगाच्या पेशींना परके म्हणून ओळखले आणि संपवले होते.

केवळ तीन रुग्ण. पण या आजाराच्या इतिहासात दुखणे उलटल्यावर माणूस पहिल्याइतकाच, किंबहुना अधिक खोल उपशमात परत जाऊ शकतो, याचा असा निःसंदिग्ध दाखला आधी क्वचितच सापडेल. रुग्णसंख्या पाहून इतिहासकारांनी या निबंधाला तळटिपेत ढकलू नये.

११/
त्याच सुमारास पाहण्याचे साधनही बदलले. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायची तर वीस-पंचवीस पेशी मोजल्या जात. पंचविसांत एकही आजारी पेशी न दिसणे आणि आजार नसणे यांत फार अंतर आहे. पीसीआर या तंत्राने बीसीआर-एबीएल जनुकाचा संदेश लाखभर पेशींत एका आजारी पेशीत असला तरी पकडता येऊ लागला. पुढे त्याची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली : उपचारापूर्वीची प्रमाणित पातळी १०० टक्के धरायची, ती ०.१ टक्क्यावर आली की मोठा रेणवीय प्रतिसाद, ०.०१ आणि त्याखाली अधिक खोल उपशम.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९९५ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी अतिसंवेदनशील पीसीआर निरोगी माणसांच्या रक्तावर करून पाहिले, तर त्यांच्यापैकी कित्येकांतही हा संदेश अत्यल्प प्रमाणात सापडला. त्यांना सीएमएल नव्हता. म्हणजे पुरेसा बारीक डोळा लावला तर शून्य कोणाच्याच वाट्याला येईल याची खात्री नाही.

१२/
बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि युर्ग झिमरमान यांच्या चमूने अडकलेल्या बटणात अचूक बसेल असा रेणू घडवला होता. पुढे त्याचे नाव इमॅटिनिब झाले. अमेरिकेत ऑरेगनचे ब्रायन ड्रुकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर तपासला. १९९६ मध्ये प्रयोगशाळेतले निष्कर्ष आले, १९९८ च्या जूनमध्ये पहिल्या रुग्णाने गोळी घेतली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशी सामान्य पातळीवर आल्या, बहुतेकांच्या चार आठवड्यांच्या आत. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधास परवानगी मिळाली आणि त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर या पिवळसर कॅप्सूल कर्करोगाविरुद्धच्या युद्धातला नवा दारूगोळा म्हणून झळकल्या. मराठीत औषधाची गोळी आणि बंदुकीची गोळी यांना शब्द एकच असल्याने ते मुखपृष्ठ आपल्याकडे अनुवादाविना समजले असते.

१३/
मुखपृष्ठ छापले गेले तेव्हाच काही रुग्णांचे दुखणे उलटू लागले होते. विशेषतः जे ब्लास्ट क्रायसिसमध्ये पोचल्यावर औषधाकडे आले, ते काही आठवडे थक्क करणारे सुधारत आणि मग कोसळत. ऑगस्ट २००१ मध्ये लॉस एंजलिसच्या मर्सिडीज गोरे, चार्ल्स सॉयर्स आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवले. तपासलेल्या नऊपैकी सहा रुग्णांत त्या विकरातील एकच अमिनो आम्ल बदलले होते : ३१५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्यूसीन. कुलुपाची एक खाच बदलली आणि किल्ली बसेना. आणखी तिघांत कुलपांचीच संख्या वाढली होती.

हे निदान महत्त्वाचे अशासाठी की त्याने उलटलेल्या दुखण्याला पहिल्यांदा ठोस कारण दिले. सोमलाच्या काळी, किरणांच्या काळी, बुसल्फानच्या काळी आजार का परतला याचे उत्तर ‘तो परततोच’ असे होते. आता कोणती खाच बदलली ते वाचता येऊ लागले, आणि वाचता आले म्हणून नवी किल्ली घडवता आली. २००६ मध्ये डासाटिनिब, २००७ मध्ये निलोटिनिब बाजारात आली. पण ३१५ व्या जागेचा बदल दोघांनाही दाद देईना. त्यावर चालणारे पोनाटिनिब यायला २०१२ साल उजाडले, आणि त्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका सोबत आणला. या अकरा वर्षांत त्या एका अमिनो आम्लाने किती जणांना परतीची वाट नाकारली असेल!

१४/
बहुसंख्य रुग्णांची कथा मात्र वेगळी निघाली. १,१०६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. मायनटांच्या तीन-साडेतीन वर्षांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. अट एकच होती : गोळी रोज, जन्मभर.

आणि जन्मभराची गोळी म्हटली की किमतीचा प्रश्न आला. या टप्प्यावर ही हकिगत भारतात येते.

१५/
भारतात सीएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा वयाने लहान असतात; तिकडे साठीच्या आसपास होणारे निदान इकडे बहुधा चाळिशीच्या आगेमागे होते. म्हणजे कमावत्या वयातला माणूस, आणि पुढे अनेक दशके घ्यायची गोळी. नोव्हार्टिस कंपनीच्या (सिबा-गायगी तिच्यात विलीन झाली होती) ‘ग्लिवेक’चा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. २००३ च्या नोव्हेंबरात नोव्हार्टिसला भारतात विक्रीचा अनन्य हक्क मिळाला. त्या बळावर तिने भारतीय उत्पादकांना न्यायालयात खेचले. मद्रास उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो नाकारला. कंपनीने हजारो रुग्णांना मोफत औषध देण्याची योजनाही चालवली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. पण योजनेच्या यादीत नाव असणे आणि दुकानातून औषध घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेटंटच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात राहिलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात औषधाच्या नव्या रूपाला पेटंट हवे असेल, तर त्याची परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे. नवे स्फटिकरूप शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाते, हा कंपनीचा दावा होता. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, आणि ती वाढल्याचे दाखवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

१६/
या निकालाची चर्चा पेटंट, व्यापार आणि राष्ट्रीय स्वाभिमान या अंगांनी भरपूर झाली. आजाराच्या इतिहासाच्या अंगाने तिचा अर्थ अधिक साधा आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटल्यांना सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक चिप असलेली झाकणे लावली होती. बाटली केव्हा उघडली याची तीन महिने नोंद होत राहिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यातील एकालाही सर्वांत खोल उपशम लाभला नव्हता. हे विलायतेतले, औषध सरकारी खर्चाने मिळणारे रुग्ण. ज्याला गोळीसाठी उसनवारी करावी लागते, पेरणीच्या महिन्यात शहरातल्या रुग्णालयाची फेरी चुकवावी लागते, त्याच्या बाटलीचे झाकण किती वेळा उघडत असेल, याची कल्पना करण्यास चिप लागत नाही. महिन्याला ८,००० रुपयेही असंख्य घरांना पेलणारे नव्हते. मात्र १,२०,००० आणि ८,००० यांतल्या फरकाने कित्येकांचे दुखणे उलटायचे थांबवले असणार.

१७/
औषध चुकणे आणि औषध थांबवणे यांत काय अंतर आहे, हे ज्या चाचणीने दाखवले तिच्याकडे आता परत जाता येते. २००७ मध्ये फ्रान्सच्या फिलिप रूस्लो यांनी १२ रुग्णांचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला : दोन वर्षे पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्यांचे इमॅटिनिब बंद केले, सहा जणांचा आजार पाच महिन्यांच्या आत परतला, सहा जणांचा नाही. त्याच वर्षी बोर्दोच्या फ्रांस्वा-झाव्हिए मायोँ यांच्या नेतृत्वाखाली १०० रुग्णांची चाचणी सुरू झाली. पहिले वर्षभर दर महिन्याला रक्त तपासले जाई, नंतर दर दोन महिन्यांनी. खूण सापडली, दुसऱ्या तपासणीत दसपटीने वाढलेली दिसली, की गोळी सुरू.

उलटलेल्या ४२ पैकी ४० जणांची खूण पहिल्या सहा महिन्यांतच परतली. त्यांची प्लीहा फुगली नव्हती, ताप नव्हता. बेनेट यांच्या कामगाराने पोटातली गाठ हाताने चाचपली तेव्हा आजार जितका पुढे गेला होता, त्याच्या हजारो पट अलीकडच्या मुक्कामावर तो पकडला गेला होता. औषध तेच जुने होते. तरीही परतीची वाट रुंद राहिली, कारण ज्यांचा आजार आधीच फार खोल दबला होता अशांचीच निवड झाली होती आणि महिन्यातून एकदा त्यांच्यावर लाखात एक पेशी टिपणारा डोळा रोखलेला होता. परतलेल्या पेशींना खाच बदलायला अवसरच मिळाला नाही. पैशाअभावी ज्याची गोळी सुटते, त्याच्यापाशी यांतले काहीच नसते. एकाच क्रियेची, गोळी न घेण्याची, ही दोन टोके आहेत.

१८/
सर्व १०० रुग्णांचा दीर्घ आढावा २०१७ मध्ये आला. ६१ जणांचा आजार परतला होता. ५७ जणांनी औषध पुन्हा सुरू केले आणि त्यांतले ५५ जण पूर्वीच्याच खोल उपशमात पोचले, निम्मे तर साधारण चार महिन्यांत. युरोपातील ११ देशांतल्या ७५८ रुग्णांच्या चाचणीत औषध थांबवल्यावर दोन वर्षांनीही सुमारे निम्मे रुग्ण औषधाविना उपशमात होते. स्वीडनच्या डॉक्टरांनी याच काळात एक अनपेक्षित त्रास नोंदवला : औषध सोडल्यावर काही रुग्णांचे स्नायू आणि सांधे काही महिने दुखत राहतात. सांधा दुखला की रुग्णाच्या मनात पहिली शंका कोणती येत असेल, हे सांगायला नको.

१९/
मग ज्यांचे दुखणे उलटले नाही, त्यांच्यातून आजार समूळ गेला का? ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रॉस यांनी २०१० मध्ये, औषध सोडूनही उपशमात राहिलेल्या रुग्णांचा डीएनए प्रत्येकाच्या स्वतःच्या सांध्याला नेमका जुळणाऱ्या पीसीआरने तपासला. ही तपासणी नेहमीच्या चाचणीपेक्षाही खोल जाते. तेथे बीसीआर-एबीएल सापडले. वर्षानुवर्षे औषध नाही, आजार परतत नाही, आणि तरी त्या पेशी आहेत. त्या झोपलेल्या आहेत, की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना डांबून ठेवते, यावर संशोधन चालू आहे.

२०/
मायोँ यांच्या २०१० च्या अहवालात सहा महिन्यांच्या आत परतलेल्या चाळिसांखेरीज आणखी दोन रुग्ण होते. एकाचा आजार सातव्या महिन्यात परतला. दुसऱ्याचा एकोणिसाव्या महिन्यात, जेव्हा त्याच्या बरोबरीने औषध सोडलेल्यांची काळजी जवळपास मिटली होती. पुढच्या अभ्यासांत दोन वर्षे उलटून गेल्यावर परतलेल्या आजाराचेही दाखले मिळाले. दुर्मीळ, पण निःसंशय. म्हणून औषध सोडून वर्षे लोटलेला, नोकरी-व्यवसाय करणारा, स्वतःला रुग्ण न म्हणवणारा माणूसही आज ठराविक महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो, दंडाला पट्टा बांधून घेतो, एक नळी रक्त देतो, आणि दशांश चिन्हानंतरच्या शून्यांची वाट पाहतो.